मूत्रपिंड प्रत्यारोपणातील स्टिरॉइड मात्राक्रम

मूत्रपिंड प्रत्यारोपणातील स्टिरॉइड मात्राक्रम म्हणजे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णास ग्लुकोकॉर्टिकॉइड वर्गातील औषधे कोणत्या दिवशी, किती प्रमाणात द्यावयाची आणि ती कोणत्या गतीने कमी करत न्यावयाची, याचे ठरवून दिलेले वेळापत्रक होय. शस्त्रक्रियेच्या दिवशी शिरेतून दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेने या क्रमाचा आरंभ होतो. त्यानंतर काही महिन्यांत तो बहुधा दिवसाला ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या एका गोळीवर येऊन स्थिरावतो. ही गोळी प्रत्यारोपित मूत्रपिंड कार्यरत असेपर्यंत, म्हणजे पुष्कळदा अनेक वर्षे, चालू राहते. प्रत्यारोपणानंतरच्या औषधांत ती सर्वांत स्वस्त, सर्वांत जुनी आणि रुग्णांत सर्वांत बदनाम आहे. रुग्ण स्वतःच्या मनाने बंद करतात त्या औषधांत तिचा क्रमांक वरचा लागतो, आणि तिच्या माहितीची निकड याच कारणाने अधिक आहे.

प्रस्तुत लेखातील मात्रा प्रचलित पद्धतीची कल्पना यावी म्हणून दिल्या आहेत. प्रत्येक रुग्णाची मात्रा त्याचे वजन, दात्याशी असलेली जुळणी, इतर औषधे आणि आजार पाहून मूत्रपिंडविकारतज्ज्ञ ठरवतात.

परिभाषा

मराठीत ‘स्टिरॉइड’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. व्यायामशाळांत स्नायू वाढवण्यासाठी घेतली जाणारी द्रव्ये पुरुषी संप्रेरकांच्या जातीची असतात. प्रत्यारोपणात वापरली जाणारी स्टिरॉइडे अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातून स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाशी नाते सांगणारी आहेत. रासायनिक सांगाडा एक असला तरी दोहोंची कामे अगदी वेगळी आहेत. वर्तमानपत्रांत खेळाडूंच्या संदर्भात येणाऱ्या बातम्यांमुळे दोन्हींची सरमिसळ होते आणि औषधावरचा अविश्वास वाढतो.

दाता आणि ग्राहक यांच्या पेशींत जनुकीय भेद असल्याने ग्राहकाची प्रतिकारयंत्रणा नव्या अवयवावर हल्ला करते. त्यास ‘अस्वीकार’ म्हणतात. रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्याही बोलीत ‘रिजेक्शन’ हाच शब्द रूढ आहे. मात्रा पायरीपायरीने कमी करत नेण्यास रुग्णालयांत ‘टेपर करणे’ म्हणतात. ‘उतरती मात्रा’ हा त्याचा सरळ मराठी पर्याय होय. ‘प्रत्यारोपण’ या शब्दात रोप आहे, हे भातशेतीच्या प्रदेशातील वाचकाला वेगळे सांगावयास नको. एका वाफ्यातले रोप दुसऱ्या खाचरात लावल्यावर ते मूळ धरेपर्यंतचे दिवस जोखमीचे असतात. मूत्रपिंडाच्या बाबतीतही पहिले तीन ते सहा महिने असेच जोखमीचे असतात, आणि मात्राक्रमाची बहुतेक आखणी या काळाभोवतीच केलेली असते.

इतिहास

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल आणि फिलिप हेंच यांनी १९४८ साली संधिवाताच्या रुग्णास कॉर्टिसोन दिले. अंथरुणाला खिळलेला रुग्ण काही दिवसांत चालू लागल्याने या औषधाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांना टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह मिळाले. प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन ही अधिक प्रभावी आणि शरीरात मीठ कमी साठवणारी रूपे १९५५च्या सुमारास प्रचारात आली.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होते. तेथे अस्वीकाराचा प्रश्न नव्हता, म्हणून प्रतिकारदमनाची औषधेही लागली नाहीत. जुळे नसलेल्यांसाठी वाट काढण्यास आणखी आठ-नऊ वर्षे गेली. जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून अझाथायोप्रिन आले आणि रॉय काल्न यांनी ते प्राण्यांवरील प्रयोगांत पारखले. लॉस एंजेलिसचे विलर्ड गुडविन यांनी सुरू झालेला अस्वीकार मोठ्या स्टिरॉइड मात्रेने परतवता येतो, असे दाखवले. डेन्व्हर येथील टॉमस स्टार्झल यांनी १९६२-६३ मध्ये अझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोन यांची जोडी पद्धतशीर वापरली. अस्वीकार ही अटळ शेवटाची सुरुवात नसून उलटवता येणारी घटना आहे, हे त्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केले. या विद्याशाखेचा खरा जन्म तेव्हा झाला असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

त्या काळच्या मात्रा आज भीतिदायक वाटतात. अस्वीकाराच्या वेळी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन दिले जाई. मूत्रपिंड वाचे, रुग्ण मात्र जंतुसंसर्ग, जठरातील रक्तस्राव किंवा खुब्याच्या हाडाच्या नाशाने जायबंदी होई वा दगावे. बेलफास्टच्या मेरी मॅकगाऊन यांनी १९६८पासून सुमारे २० मिलिग्रॅमच्या अल्प मात्रेवर आपले रुग्ण ठेवले, आणि त्यांचे परिणाम मोठ्या मात्रा देणाऱ्या केंद्रांपेक्षा सरस निघाले. मोठ्या केंद्रांना हे पटण्यास वेळ लागला. १९८०च्या दशकाच्या आरंभी झालेल्या तुलनात्मक चाचण्यांनंतर अल्प मात्रा सर्वमान्य झाली. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि १९९०च्या दशकात टॅक्रोलिमस व मायकोफेनोलेट आल्यावर स्टिरॉइडांवरील भार आणखी हलका झाला.

भारतातील पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण १९६५ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूने मृत दात्याचे मूत्रपिंड घेऊन केले. तो रुग्ण फार काळ जगला नाही. पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. पुढील दशकभर भारतीय केंद्रांत अझाथायोप्रिन-प्रेडनिसोलोन हीच जोडी चाले. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली संमत झाला आणि १९९५ पासून महाराष्ट्रात लागू आहे.

कार्य

ग्लुकोकॉर्टिकॉइड पेशीत शिरून तेथील ग्राहीशी बांधले जाते. ही जोडी पेशीकेंद्रात जाऊन दाहकारक प्रथिनांची निर्मिती दडपते. प्रतिकारयंत्रणेतील ‘टी’ पेशींना एकमेकींना हाक देण्यासाठी लागणारे रासायनिक संदेशवाहक, विशेषतः इंटरल्युकिन-२, कमी पडतात आणि हल्ल्याची जमवाजमव होत नाही. टॅक्रोलिमस हेच काम एका नेमक्या ठिकाणी करते, तर स्टिरॉइडे अनेक ठिकाणी थोडे थोडे करतात. त्यांचा उपयोग आणि उपद्रव या दोन्हींचे मूळ या सर्वदूर पसरलेल्या परिणामात आहे.

निरोगी माणसाच्या अधिवृक्क ग्रंथी दिवसभरात जेवढे कॉर्टिसॉल तयार करतात ते सुमारे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचे असते. दीर्घकालीन मात्रा या आकड्याभोवती का घुटमळते, हे यावरून ध्यानात येईल. नैसर्गिक कॉर्टिसॉल पहाटेपासून वाढत जाऊन सकाळी सर्वाधिक असते. म्हणून गोळीही सकाळी, न्याहारीनंतर घ्यावयाची असते. रात्री घेतल्यास झोप उडते आणि ग्रंथींचे काम अधिक दडपले जाते.

प्रचलित मात्राक्रम

केंद्रागणिक तपशील बदलतात. तथापि टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड या त्रिऔषधी पद्धतीत पुढील स्वरूपाचा क्रम सामान्यतः आढळतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी: मिथाइलप्रेडनिसोलोन २५० ते १००० मिलिग्रॅम, बहुधा ५००, शिरेतून.
पुढील दोन-तीन दिवस: हीच मात्रा दररोज निम्म्याने कमी.
पहिला आठवडा संपताना: प्रेडनिसोलोन २० ते ३० मिलिग्रॅम तोंडाने, दिवसातून एकदा.
पहिला ते दुसरा महिना: दर एक-दोन आठवड्यांनी ५ किंवा २.५ मिलिग्रॅम कमी करत १० ते १५ मिलिग्रॅमपर्यंत.
तिसरा ते सहावा महिना: ७.५ ते ५ मिलिग्रॅम.
त्यापुढे: ५ मिलिग्रॅम, कायम.

शेवटच्या पायऱ्या पहिल्या पायऱ्यांपेक्षा सावकाश घेतल्या जातात. ३० वरून २५ वर येताना मात्रा एक षष्ठांशाने घटते, तर १० वरून ५ वर येताना ती निम्मी होते. एकच ‘पाच’ दोन ठिकाणी सारखा नसतो. गणिताच्या तासाला शिकवण्याजोगे हे उदाहरण आहे, आणि घाईने मात्रा उतरवणाऱ्यांच्या ध्यानातून नेमके हेच निसटते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिंफनी’ या चाचणीत १,६४५ रुग्णांवर चार पद्धतींची तुलना झाली. तीत कमी मात्रेतील टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड ही पद्धत सर्वांत लाभदायक ठरली. आजच्या बहुतेक वेळापत्रकांचा साचा तिच्यावर बेतलेला आहे.

तीव्र पेशीय अस्वीकार झाल्यास उतरती गाडी पुन्हा वर चढते. क्रिएटिनिन वाढल्यावर शक्यतो सुईने मूत्रपिंडाचा लहान तुकडा काढून तपासतात. निदान पक्के झाल्यास मिथाइलप्रेडनिसोलोन २५० ते १००० मिलिग्रॅम दररोज, सामान्यतः ५०० मिलिग्रॅम तीन दिवस, शिरेतून देतात. त्यानंतर तोंडाने घ्यावयाची मात्रा वाढवून पुन्हा सावकाश उतरवली जाते. या उपचाराला दाद न देणाऱ्या अस्वीकारासाठी अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन वापरतात. प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या अस्वीकारात केवळ स्टिरॉइडे पुरत नाहीत.

बालरुग्णांत मात्रा वजनाच्या वा शरीरपृष्ठाच्या प्रमाणात ठरवली जाते. उंची खुंटू नये म्हणून काही केंद्रे दिवसाआड मात्रा देतात किंवा स्टिरॉइड लवकर थांबवतात.

स्टिरॉइड पूर्णपणे थांबवण्याचा प्रश्न

दुष्परिणामांमुळे स्टिरॉइड काढून टाकण्याचे प्रयत्न सतत होत आले आहेत. येथे ‘केव्हा’ या प्रश्नाला ‘थांबवावे की नाही’ याहून अधिक महत्त्व आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत सायक्लोस्पोरिनवर असलेल्या रुग्णांचे प्रेडनिसोन ९० दिवसांनंतर थांबवले होते. पहिली काही वर्षे सारे ठीक दिसले, परंतु दीर्घकाळात थांबवलेल्या गटातील मूत्रपिंडे अधिक प्रमाणात निकामी झाली. पहिल्या वर्षाचे आकडे पाहून निष्कर्ष काढू नये, असा धडा त्यातून मिळाला.

याउलट पहिल्या आठवड्यातच थांबवण्याची पद्धत बरीच निर्धोक ठरली आहे. अमेरिकेत ३८६ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या चाचणीत एका गटाचे स्टिरॉइड सातव्या दिवशी थांबवले, तर दुसऱ्या गटाला ५ मिलिग्रॅमवर ठेवले. रुग्ण व मूत्रपिंड टिकण्याचे प्रमाण सारखे राहिले. सौम्य अस्वीकार मात्र थांबवलेल्या गटात अधिक झाले. २०१६ सालच्या जर्मन ‘हार्मनी’ चाचणीत आठव्या दिवशी स्टिरॉइड थांबवलेल्यांत प्रत्यारोपणोत्तर मधुमेहाचे प्रमाण लक्षणीय घटले आणि वर्षभरातील अस्वीकार वाढला नाही. दोन्हींत रुग्ण निवडक होते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी प्रतिपिंड-औषधांची जोड दिलेली होती.

‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००९ सालच्या मार्गदर्शिकेचा कौल असाच आहे. धोका कमी असलेल्या आणि आरंभीची प्रतिपिंड-औषधे मिळालेल्या रुग्णांत स्टिरॉइड पहिल्या आठवड्यात थांबवता येईल. परंतु पहिल्या आठवड्यापलीकडे ते चालू ठेवले असेल, तर पुढे काढण्यापेक्षा चालू ठेवावे. दोन-तीन वर्षे सुरळीत गेलेल्या रुग्णाला आता गोळीची गरज उरली नसावी असे वाटणे स्वाभाविक आहे, पण उपलब्ध पुरावा त्याच्या बाजूने नाही.

दुष्परिणाम

चेहरा गोल होणे, गाल सुजल्यासारखे दिसणे, पुरळ, केसांची वाढ, भूक आणि वजन वाढणे ही लक्षणे पहिल्या महिन्यांतील मोठ्या मात्रेशी निगडित असतात आणि मात्रा उतरल्यावर पुष्कळशी ओसरतात. तरुण रुग्णांस, विशेषतः मुलींस, याचा जाच अधिक होतो. लग्न ठरावयाच्या वयात आरशातला चेहरा बदलला म्हणून गोळी गुपचूप बंद करणे ही सर्वत्र आढळणारी घटना आहे. किशोरवयीन रुग्णांत मूत्रपिंड गमावण्याच्या कारणांत औषधे चुकवणे हे प्रमुख कारण मानले जाते. मूत्रपिंड बहुधा आईने, वडिलांनी किंवा पत्नीने दिलेले असते, आणि ते दुसऱ्यांदा देता येत नाही.

न दिसणारे दुष्परिणाम अधिक गंभीर होत. हाडे ठिसूळ होतात आणि खुब्याच्या सांध्यातील हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजू शकते. प्रत्यारोपित रुग्णाने चालताना जांघेत दुखत असल्यास ते अंगावर काढू नये. मोतीबिंदू आणि काचबिंदूही संभवतात. रक्तदाब व रक्तातील चरबी वाढते.

प्रत्यारोपणोत्तर मधुमेहाबाबत एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने रक्तशर्करा दुपारी व संध्याकाळी चढते आणि रात्रीत उतरते. त्यामुळे अनशेपोटीची तपासणी निर्दोष येऊनही मधुमेह असू शकतो. दुपारच्या जेवणानंतरची शर्करा तपासणे यासाठी आवश्यक ठरते.

संसर्गाचा धोका सर्वच प्रतिकारदमक औषधांमुळे वाढतो. न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया टाळण्यासाठी पहिले काही महिने कोट्रायमोक्साझोल देतात. ताप हे संसर्गाचे प्रमुख लक्षण असले तरी स्टिरॉइडे तो झाकून ठेवतात. अंगात ९९ अंश फॅरनहाइट असतानाही आत मोठा संसर्ग असू शकतो. जिवंत जंतूंच्या लसी अशा रुग्णांना देत नाहीत.

अधिवृक्क ग्रंथींचे मंदावणे

बाहेरून संप्रेरक मिळत राहिले की शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी काम सोडून देतात. सुमारे तीन-चार आठवडे उपचार चालल्यानंतर ही शक्यता धरून चालावे लागते. अशा वेळी गोळी एकाएकी बंद झाली तर मूत्रपिंडाच्या अस्वीकाराआधीच जिवावर बेतू शकते. विलक्षण थकवा, उलट्या, पोटदुखी, रक्तदाब कोसळणे, रक्तातील सोडियम व शर्करा कमी होणे ही या अवस्थेची चिन्हे होत. उन्हाळ्यात त्यांची गल्लत ‘ऊन लागले’ किंवा ‘पोट बिघडले’ याच्याशी होते, आणि केवळ सलाइन लावून रुग्णास घरी पाठवले जाते.

शरीरावर ताण आल्यास निरोगी माणसाच्या ग्रंथी कॉर्टिसॉल कित्येक पटींनी वाढवतात. मंदावलेल्या ग्रंथींना ते जमत नाही. म्हणून तापाच्या आजारात दीर्घकालीन ५ मिलिग्रॅमची मात्रा काही दिवसांसाठी १० मिलिग्रॅम, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ५, करण्याचा सल्ला दिला जातो. प्रत्यारोपित रुग्णाने हा बदल आपल्या केंद्राला दूरध्वनी करूनच करावा, कारण तापाचे मूळ शोधणे तितकेच तातडीचे असते. गोळी घेतल्यावर तासाभराच्या आत उलटी झाल्यास ती पुन्हा घ्यावी. उलट्या थांबत नसतील तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन लागते, आणि तेथे वाट पाहण्यास जागा नसते. मोठी शस्त्रक्रिया किंवा अपघात झाल्यासही हेच इंजेक्शन द्यावे लागते. ब्रिटनमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना आणीबाणीचे स्टिरॉइड कार्ड दिले जाते. तसाच मजकूर मराठी व इंग्रजीत लिहिलेला कागद पाकिटात बाळगणे कोणासही शक्य आहे.

एखाद्या दिवशी गोळी राहून गेली, तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

समतुल्य मात्रा आणि परस्परक्रिया

५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, सुमारे ६ मिलिग्रॅम डिफ्लॅझाकॉर्ट, २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन किंवा ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन यांच्या बरोबरीचे मानले जाते. ‘वायसोलोन’ आणि ‘ओम्नाकॉर्टिल’ ही भारतातील परिचित व्यापारी नावे प्रेडनिसोलोनचीच आहेत. दोन्ही एकदम घेतल्यास मात्रा दुप्पट होते. ५, १०, २० आणि ४० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात आणि पट्ट्यांवरील अक्षरे बारीक असतात. ‘एक गोळी’ असे न सांगता मिलिग्रॅममध्ये सांगणे म्हणूनच योग्य.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यकृतातील विकरे चाळवते. परिणामी प्रेडनिसोलोन शरीरातून वेगाने निघून जाते व त्याचा प्रभाव जवळपास निम्म्यावर येतो. टॅक्रोलिमसची पातळी तर फारच घसरते. भारतात क्षयरोगाचे प्रमाण पाहता हा पुस्तकी मुद्दा राहत नाही. क्षयाचे औषध गावात सुरू झाले आणि प्रत्यारोपण केंद्राला कळलेच नाही, तर काही आठवड्यांत मूत्रपिंड हातचे जाऊ शकते. फिटांवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांचाही असाच परिणाम होतो. उलट दिशेने क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, डिल्टियाझेम ही औषधे टॅक्रोलिमसची पातळी चढवतात. कोकणातल्या परसात पिकणारे पपनस हे ग्रेपफ्रूटचे जवळचे भावंड आहे आणि त्यानेही टॅक्रोलिमसची पातळी वाढते. ते वर्ज्य करावे. सांधेदुखीवर दुकानातून सहज मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या थेट मूत्रपिंडास अपाय करतात, आणि स्टिरॉइडाबरोबर घेतल्यास जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो.

गर्भारपणात प्रेडनिसोलोन व टॅक्रोलिमस चालू ठेवता येतात, मायकोफेनोलेट मात्र गर्भास घातक असल्याने गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी बदलावे लागते.

पेण व रोहा परिसर

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांतील रुग्णांना प्रत्यारोपणासाठी मुंबई, नवी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. शस्त्रक्रिया आणि पहिले काही आठवडे तेथे जातात. मात्राक्रमाचा उरलेला, म्हणजे कित्येक वर्षांचा भाग घरी, स्थानिक डॉक्टर व औषधविक्रेत्यांच्या आधाराने पार पाडावयाचा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाख रुपये होती. ती साडेचार लाख करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ साली घेतला.

तपासणीच्या दिवसाची एक अडचण येथील रुग्णांना हमखास येते. टॅक्रोलिमसची पातळी, रुग्णांच्या भाषेत ‘लेव्हल’, सकाळची मात्रा घेण्यापूर्वी, आदल्या रात्रीच्या मात्रेनंतर बारा तासांनी मोजावयाची असते. पहाटे रोह्याहून दिव्याकडे जाणारी गाडी किंवा पेणहून बस धरताना सवयीने सर्व गोळ्या घेतल्या, तर आकडा खोटा चढा येतो आणि डॉक्टर मात्रा विनाकारण कमी करतात. त्या दिवशी टॅक्रोलिमसची गोळी डबीत बरोबर न्यावी आणि रक्त दिल्यावर घ्यावी. आदल्या रात्रीची वेळही त्या हिशेबाने ठरवावी लागते: रक्त दहा वाजता द्यावयाचे असेल, तर रात्रीची मात्रा दहाला. प्रेडनिसोलोनला हा नियम नाही. ते नेहमीप्रमाणे खाऊन घ्यावे.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. कुंडलिका, अंबा, भोगावती या नद्यांना जुलै-ऑगस्टमध्ये पूर येतात, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रखडल्याने वाटेत किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. दोन आठवड्यांचा औषधसाठा जूनपासूनच घरात, कोरड्या डब्यात ठेवणे शहाणपणाचे. भाताच्या लावणीत अनवाणी चिखलात उतरणे या रुग्णांनी टाळावे. लेप्टोस्पायरोसिस कोकणातील पावसाळ्यात आढळतोच, आणि तो मूत्रपिंडावरच घाला घालतो. मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरणारा स्ट्राँगिलॉइड्स हा कृमी निरोगी माणसात वर्षानुवर्षे गप्प राहतो. स्टिरॉइडांच्या मोठ्या मात्रेखाली तो शरीरभर पसरून प्राणघातक ठरू शकतो. प्रत्यारोपणाआधी शेतीत राबलेल्या रुग्णाने आपला व्यवसाय डॉक्टरांना आवर्जून सांगावा, म्हणजे कृमींवरील उपचार आधीच करता येतो. पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांतील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत मातीची व प्लास्टरची धूळ उडते. तेथे परतणाऱ्या कारागिराने पहिले सहा महिने घासकाम सोडून रंगकामासारखे बसके काम, तेही मुखपट्टी लावून, पत्करावे.

आहारात मिठाचा प्रश्न सर्वांत कठीण. पेणचे पोह्याचे पापड, लोणची, सुकट, सोडे आणि खारवलेली मासळी हा या भागातील पावसाळी जेवणाचा आधार असतो, तर स्टिरॉइडे मीठ आणि पाणी शरीरात साठवतात. पायावर सूज आणि चढलेला रक्तदाब यांचे कारण गोळीइतकेच ताटात असते. ताजी मासळी वर्ज्य नाही. भाताचे प्रमाण मधुमेहाच्या दृष्टीने आटोक्यात ठेवावे लागते. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये, ती काही खाऊनच घ्यावी. साबुदाण्याच्या खिचडीने शर्करा वेगाने चढते, म्हणून त्या दिवशी संध्याकाळची शर्करा पाहून ठेवणे बरे.

झाडपाल्याची औषधे, काढे आणि ‘स्टिरॉइड सोडवतो’ असे आश्वासन देणारे उपचार यांविषयी सावधगिरी आवश्यक आहे. सांधेदुखी व दम्यावरील काही बिननावाच्या पुड्यांत प्रत्यक्षात स्टिरॉइडच मिसळलेले आढळते. अशा पुडीने रुग्णास बरे वाटते, तो नेमून दिलेली गोळी सोडतो, आणि पुडी संपली की ग्रंथी मंदावलेल्या अवस्थेत उघडा पडतो. पेण आणि रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांत किंवा खाजगी दवाखान्यात अशा स्थितीत पोहोचल्यावर ‘मूत्रपिंड बदललेले आहे, इतके मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू होते, अमुक दिवसापासून बंद आहे’ एवढे सोबतच्या माणसाला सांगता आले, तर उपचार पहिल्या काही मिनिटांत सुरू होऊ शकतो.